देवीसाठी आणलेली निर्मळ माती

नवरात्र आलं की माझ्या फोनवर रोज सकाळी कुणी ना कुणी घटाचा अर्थ पाठवतं. घट म्हणजे गर्भाशय, माती म्हणजे शरीर, बी म्हणजे जीव, दिवा म्हणजे आत्मा. वर चमचमणारी देवी, खाली जोडलेले हात. पूर्वी मी तो निरोप वाचून न वाचल्यासारखा करत असे. बेलापूरच्या पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि नवरात्रात रोजच्या रंगापायी बायका माझा जीव खातात. अर्थ शोधत बसायला वेळ कुणाला? पण ह्या नवरात्रापासून तो निरोप माझ्याच्याने वाचवत नाही.

आमचं मूळ घर कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेकाठच्या मळ्यात आहे. पुढे पत्र्याची पडवी, मागे स्लॅबच्या तीन खोल्या, चारी अंगांनी ऊस. सासूबाई, धाकटे दीर आणि धाकटी जाऊ तिथे राहतात. घट तिथेच बसतो, म्हणून दरसाल मी दुकान नवऱ्याच्या गळ्यात टाकून पहिल्या माळेला मळ्यात जाते ती दसरा करूनच परतते. सासूबाईंशी माझं फारसं पटत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांना माझी जीभ लांब वाटते, मला त्यांचे कान. पण घटाच्या बाबतीत मी त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. तो त्यांचा प्रांत.

ह्या वर्षी नवरात्रात जावेला सातवा महिना होता. त्याच्या दोन वर्षं आधी तिचं एक मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही, कधीकधी असं होतं म्हणाले. गावाने मात्र सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. ग्रहण लागलेलं असताना हिला कुणीतरी भाजी चिरताना पाहिलं होतं म्हणे. सासूबाईंनी तसं तोंडाने कधी म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तेव्हापासून जाऊ दर मंगळवारी कोल्हारच्या देवीला जायची आणि नाक घासून माफी मागायची. मी एकदा तिच्यावर चिडले होते. "माफी मागायला तू केलंस काय?" ती म्हणाली, "कायतरी केलंच आसंल, आक्का. त्याबिगर जातं का?"

ह्या खेपेला घट तिच्या हातचा मांडायचा, असं सासूबाईंनीच ठरवलं. त्यांना आता गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. शिवाय मनात असावं की भरल्या ओटीच्या बाईने घट मांडला की दोन्हीकडे बरकत येते. दिरांनी सकाळी अंघोळ करून, अनवाणी जाऊन, घमेल्यात माती आणली. आमच्याकडे त्या मातीला वावरी म्हणतात. ती आपल्याच वावरातली लागते, विकतची चालत नाही. जावेने पत्रावळीवर माती पसरली, पाच धान्यं पेरली, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवला, वर विड्याची पानं आणि नारळ. दिवा लावला. माती इतकी भुसभुशीत, इतकी स्वच्छ होती की एक मूळ नाही, एक काडी नाही, खडा नाही. सासूबाईंनी चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "बुक्क्यावानी हाय गं."

घटाचं असं आहे की तो पाझरत राहतो आणि भोवतीची माती आपोआप ओली राहते. तिसऱ्या माळेला दाणे फुटतात. पाचव्या माळेपर्यंत बोटभर पिवळी पात उभी राहते. सासूबाई ती पात अशी वाचतात की जणू पेपरच. गहू जोरात असला तर रब्बी साधणार, अमक्या अंगाला विरळ असली तर त्या अंगाचं पीक बसणार. मी कितीदा मनात हसले असेन. पण एक गोष्ट त्यांनी मला नवी नवरी असताना सांगितली होती, ती मी विसरले नाही. त्या म्हणाल्या होत्या, "देवी त्या चांदीच्या टाकात न्हाई, नारळात न्हाई. ती मातीत हाय. वरीसभर आपुन तिच्यावर नांगर घालतो, आन नऊ दिस तिला घरात बसवून पुसायचं, बाई, तू बरी हाईस ना? ती उगवून सांगती." मला वाटतं, फोनवरच्या सगळ्या अर्थांपेक्षा हा अर्थ खरा आहे. म्हणूनच पुढे जे झालं त्याची मला इतकी भीती बसली.

तिसऱ्या माळेला काही फुटलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, गारवा आहे, उद्या फुटेल. चौथ्या माळेला जावेने दिव्याची वात सारखी करता करता माती हलकेच उकरून पाहिली. गव्हाचा दाणा फुगला होता आणि तिथेच थांबला होता. टोकाला मोड नव्हता. तिने तो परत झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "धान्य जुनं असेल." ते धान्य तिने स्वतः निवडलं होतं, नव्या पोत्यातलं. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

पाचव्या माळेला संध्याकाळी आरतीला शेजारच्या वस्तीवरच्या बायका आल्या. बिबट्याच्या भीतीने हल्ली उजेड आहे तोवरच सगळ्या येऊन जातात. एरवी आरतीनंतर घटापाशी वाकून, "काय तरारलंय बाई" असं म्हणायची पद्धत असते. त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही. नुसतं वाकून बघितलं. मग एकीने जावेच्या पोटाकडे बघितलं, आणि तिचं बघून बाकीच्यांनी. एक म्हातारी पडवीत चपला शोधताना हळूच बोलली, पण मला ऐकू येईल एवढ्या हळू, "घरातलंच कायतरी उगवायचं न्हाई, आसं हाय ते."

माझ्या अंगाची लाही झाली. मी बाहेर जाऊन म्हणाले, "आजी, पुढच्या माळेला डोळे घरी ठेवून या." म्हातारी गेली, पण बोललेलं घरातच राहिलं.

त्या दिवसापासून जावेने जेवण सोडलं. आम्ही सगळेच उपवासाला, पण आमचा उपवास म्हणजे भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाटा, रताळं, दुप्पट खाशी. तिने मात्र सांगून टाकलं की दसऱ्यापर्यंत नुसत्या पाण्यावर राहणार, आणि आरतीनंतर एक केळं. मी तिला समजावलं, रागावलं, दोन जिवांची आहेस म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हून तर, आक्का." मग मी सासूबाईंकडे गेले. तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल. त्या माळेत झेंडू ओवत होत्या. खाली मान घालून म्हणाल्या, "देवीचं आन तिचं हाय. मी मधी कशी पडू?" ओवलेलंच फूल काढून त्यांनी पुन्हा ओवायला घेतलं, आणि मला कळलं की ही बाई आपल्याइतकीच घाबरलेली आहे. त्यांचा राग यायचा तेवढा आला, पण भांडावंसं वाटलं नाही.

ते दिवस मी आठवू नये म्हटलं तरी आठवतात. देवाच्या खोलीत दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून कुणीतरी सारखं तिथे असायचं. बहुतेक वेळ तीच. भिंतीला टेकून, पाय लांब करून, घटाकडे बघत. शेजारी पाण्याचा तांब्या. भूक लागली की ती पाणी प्यायची. तांब्या संपला की मी भरून द्यायचे. निदान पाणी तरी पितेय, एवढंच माझं समाधान. मातीला आता वास सुटला होता. ओल्या मातीचा गोड वास नव्हे. आंबूस, घशाला लागणारा. दाणे काळे पडून मऊ झाले होते. वरच्या माळा रोज वाढत होत्या, झेंडू, तिळाची फुलं, कारळ्याची पिवळी फुलं, आणि खाली सगळं कुजत होतं. एकदा तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "हालतंय का बघा. मला सकाळपासनं कळंना झालंय." मी हात ठेवला. काही कळेना. बऱ्याच वेळाने आतून एक बारीकसा धक्का आला, आणि आम्ही दोघी रडलो. दिरांना मी म्हटलं, उद्याच्या उद्या हिला दवाखान्यात नेऊ. त्यांनी हो म्हणून मान हलवली. ती म्हणाली, दसऱ्याआधी मी हलणार नाही. घट बसलेला असताना घट मांडणारीने शीव ओलांडायची नाही.

सातव्या माळेला सकाळी मी कारळ्याची फुलं आणायला विहिरीकडच्या बांधावर गेले. विहिरीच्या कठड्याला लागून आमचा निळा बॅरल आहे. त्यात औषध कालवायचं आणि पाठीवरचा फवारणीचा पंप तिथेच धुवायचा. उसाला, कांद्याला तणनाशक मारून आले की दीर तिथेच थांबतात, पंप विसळतात, हातपाय धुतात, मग घरात येतात. वर्षानुवर्षं असंच चाललंय. सगळ्यांकडे असंच चालतं. बॅरलच्या पलीकडे एक चौकोनी तुकडा आहे, चारी बाजूंनी हराळी माजलेली आणि मधे अंगण सारवावं तशी मोकळी काळी जमीन. त्या मोकळ्या जमिनीत एक उथळ खड्डा होता, घमेलंभर माती निघेल एवढा. कडेला बोटांचे ठसे अजून दिसत होते.

मी तिथेच उभी राहिले. दीर उसाच्या सरीतून येत होते. मी विचारलं, "घटाची माती इथली आणलीत?"

"व्हय, वहिनी." त्यांना बरं वाटलं, मी विचारलं म्हणून. "बाकी वावरात समदीकडं तण हाय, मुळ्या हायत. देवीला कशी आनायची आसली? हितं बघा, एक काडी न्हाई. आख्ख्या मळ्यात हिच्याइतकी निर्मळ माती न्हाई घावनार तुमाला."

मी हसायलाच लागले. थांबता थांबेना. त्या भल्या माणसाने देवीसाठी शोधून शोधून अशी जागा काढली होती, जिथे गवताचं पातंसुद्धा उगवत नाही, आणि तिथली माती आणून आम्ही सगळे बघत बसलो होतो, गहू का उगवत नाही म्हणून! ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "अहो, तणनाशकाची माती आहे ती! तिथे काय उगवणार, कपाळ?" त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. मी थांबले नाही. फुलांची परडी तिथेच टाकली आणि घराकडे पळत सुटले. पन्नाशीची बाई, साडी खोचून. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही, आणि मला ती फाशी थांबवायची होती.

देवाच्या खोलीत दोघी होत्या, सासूबाई खुर्चीवर, जाऊ भिंतीशी. मी दारातूनच ओरडले, "तुझा काही संबंध नाही गं! माती विषारी आहे! पंप धुतात तिथली माती आहे!" मग धापा टाकत सगळं सांगितलं. बॅरल, हराळी, मोकळा तुकडा, बोटांचे ठसे. सासूबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. जाऊ आधी नुसती बघत राहिली. मग तिचा चेहरा असा सैल पडला की ती लग्न करून आली तेव्हाची पोर पुन्हा दिसायला लागली.

"मंजी माझ्यामुळं न्हाई?"

"नाही गं बाई, नाही!"

"मग मी जेवू का, आत्याबाई?"

सासूबाई उठल्याच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे गुडघे त्यांना आठवले नाहीत. "जेव माझे बाय, पोटभर जेव. मी भगर टाकते." त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. मला वाटलं, संपलं. एवढं हलकं मला माझ्या लेकीचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

जावेने घसा ओला करायला शेजारचा तांब्या उचलला. दोन घोट प्यायली. तेवढ्यात दीर दारात येऊन उभे राहिले. माझ्यामागे पळत आले असणार, पण आत येत नव्हते. चौकट धरून ते तिच्या हातातल्या तांब्याकडे बघत होते. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग तांब्यात बघितलं.

"आवो," ती म्हणाली, "पंप धुतल्यालं पानी जातं कुठं?"

तो तुकडा विहिरीच्या कठड्याला लागून आहे. उतार विहिरीकडे आहे. ह्या घरातलं पिण्याचं पाणी विहिरीचं आहे, मोटर लावली की टाकीत, टाकीतून हंड्यात, हंड्यातून तांब्यात. आणि तो तांब्या भरून भरून मीच तिला देत होते. स्वयंपाकघरात सासूबाईंनी भगरीत पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि मी पळत जाऊन पातेलं त्यांच्या हातातून ओढलं. सांडलेलं पाणी आमच्या दोघींच्या पायांवर पडलं. त्या मला काही विचारणार होत्या, पण त्यांनी दारातून दिरांकडे आणि त्या तांब्याकडे बघितलं आणि त्यांनाही कळलं. त्या चुलीच्या ओट्याला धरून खाली बसल्या. "माती खरं सांगत हुती," एवढंच त्या म्हणाल्या. "ती खरं सांगत हुती, आन आपुन सुनंकडं बघत बसलो."

त्याच दुपारी आम्ही तिला श्रीरामपूरला नेलं. शीव ओलांडायचं कुणी नाव काढलं नाही. सासूबाईंनी स्वतः तिची पिशवी भरली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, ठोके ऐकवले. ठोके होते. मी विहिरीचं सगळं सांगितलं. त्यांनी पाणी तपासून घ्यायला सांगितलं, आजपासून ते थेंबभरही प्यायचं नाही म्हणाल्या. पाण्याने काही झालंय का, होईल का, हे विचारल्यावर म्हणाल्या की असं ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही, बाळ येईपर्यंत लक्ष ठेवू. मी घरंदाज बाईसारखी मान डोलावली. आत मात्र मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि धरायला गळा नव्हता. नवऱ्याने पंप धुतला होता, बायको पाणी प्यायली होती, मी तांब्या भरला होता, आणि सगळ्यांनी देवीची आरती केली होती.

आता गावातून पाण्याचे जार येतात. दीर पंप कुठे धुवायचा ते ठरवत नाहीत, कारण तेव्हापासून त्यांनी पंपाला हातच लावलेला नाही. कांद्यात गवत माजलं. ते रोज संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून खाली बघतात. सासूबाईंना मी एकदा म्हटलं, त्यांच्याशी बोला काहीतरी. त्या म्हणाल्या, "काय बोलू? माजाबी नातूच हुता." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घरातलं प्रत्येक माणूस, एकमेकांना न सांगता, दोन वर्षं मागे जाऊन पोहोचलं होतं.

त्या दिवसांत, दवाखान्यातून आल्यापासून, जाऊ मात्र जेवत होती, गोळ्या घेत होती, सांगू ते ऐकत होती. दसऱ्याच्या दिवशी घट उठला. सासूबाईंनी आरती म्हटली नाही, नुसते हात जोडले. पुरुषांच्या टोपीत खोवायला घटाच्या पातीचा तुरा नव्हता. दुपारी सगळे पांगल्यावर मी तिच्यापाशी जाऊन बसले. जारमधून पेला भरून तिच्या पुढे ठेवला.

ती म्हणाली, "आक्का, दोन वर्सं मी दर मंगळवारी माफी मागितली. नाक घासलं. देवी बिचारी ऐकून घेत आसंल. मी कशाची माफी मागत हुते वो?"

मला रडू आवरेना. ती रडली नाही. तिने पेला उचलला, नाकाशी नेऊन वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. मग एक घोट प्यायली, पेला खाली ठेवला आणि पोटावर हात ठेवून हालचाल होते का बघत बसून राहिली.